खड्ड्यांसाठी बर्फाळ शहरांसारखा हंगामी आराखडा जळगाव-धुळ्यात चालेल का?

तापीकाठ
जपानच्या साप्पोरोत वर्षाला सुमारे ५ मीटर बर्फ पडतो, वस्ती २० लाखांच्या घरात. तरी शहर चालतं. मोठे रस्ते आधी, गल्ल्या मागाहून, हा क्रम तिथे बर्फ पडल्यावर ठरत नाही. यंत्रं, माल, ठेकेदार सगळं हिवाळ्याआधी तयार असतं. आपल्याकडे ७०० मिमीच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. पाहुणा कधी येणार हे माहीत असून खड्ड्यांची फाइल मात्र भर पावसात टेबलाटेबलावर फिरते. माझं म्हणणं एवढंच: ३१ मेपर्यंत दर मंजूर, कोल्ड मिक्सच्या (न तापवता भरायच्या डांबर-खडीच्या मालाच्या) गोण्या गोदामात, रस्त्यांचे अ-ब-क वर्ग पाडलेले. अ वर्गातला खड्डा ४८ तासांत बुजला पाहिजे.

काळी_कसदार
भो, बर्फ रस्त्याच्या वर पडतो, ढकलला की मोकळा. आपलं दुखणं रस्त्याच्या पोटात आहे. काळी माती भिजली की फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिजलेल्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याची ताकद मोजायचा आकडा, २-३ टक्क्यांवर येतो. त्यात पाइपलाइनचे चर. चर बुजवायचा तो मुरूम किंवा क्रशरच्या कचीने, १५-२० सेंमीचा एकेक थर पाणी मारून, धुम्मस करून. प्रत्यक्षात खोदलेली काळी मातीच परत लोटतात आणि वर डांबराचा पापुद्रा. पहिल्या पावसात चर बसतो, त्याची पन्हळ होते, पाणी तिथेच मुरतं. ४८ तासांत बुजवा नाहीतर ४८ मिनिटांत, दहा दिवसांनी तिथेच खड्डा.

तापीकाठ
बर्फाच्या शहरांतही पाणी पोटातच जातं. गोठताना ते ९ टक्के फुगतं आणि डांबर उचलून टाकतं. हिवाळ्यात हॉट मिक्सचे (तापवलेल्या डांबरी मालाचे) प्लांट बंद, म्हणून तेही कोल्ड मिक्सने तात्पुरतं भरतात आणि ऊन तापल्यावर कायमचं काम करतात. तात्पुरतं काम करायला कमीपणा कसला? ते वेळेत व्हावं आणि दिवाळीनंतर कायमचं व्हावं, हे आराखड्यातच लिहा.

धुम्मस
तात्पुरतं तरी नीट करा की. १ मीटर लांब, १ मीटर रुंद, ७५ मिमी खोल खड्डा धरा. दाबून बसवल्यावर घनमीटरला २.३ टन, म्हणजे १७० किलोच्या वर माल. २५ किलोच्या ७ गोण्या. आपल्याकडे २ गोण्या ओततात, फावड्याच्या पाठीने थापटतात आणि बाकीचं काम टायरवर सोडतात.

रीत अशी: खड्ड्याबाहेर १० सेंमी चांगल्या भागात चौकोन आखायचा, कटरने कडा उभ्या कापायच्या. बशीसारख्या उतरत्या कडेला माल पातळ होतो आणि तिथूनच सुटतो. सुटी खडी, चिखल, पाणी काढायचं. मग इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, माल चिकटायला), चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. ते तपकिरी दिसतं, काळं पडेपर्यंत थांबायचं. पाणी साचलेल्या खड्ड्यात ते काळं पडतच नाही, चहासारखं तरंगतं. त्यावर टाकलेला माल कशाला चिकटणार? (पावसात चालणारं कोल्ड मिक्स मिळतं, पण गाळावर तेही टिकत नाही.) प्लेट कॉम्पॅक्टर फिरवून वरचा थर रस्त्यापेक्षा ४-५ मिमी उंच ठेवायचा.

हॉट मिक्सचंही तेच. एक टेम्पो माल दहा खड्ड्यांना पुरवतात. पहिल्या खड्ड्याला १४० अंश असतो, सातव्यापर्यंत ९०च्या खाली. मग रोलर फिरतो, दबत काही नाही.

एमबीवाला
पैशांचं कोण बोलणार? बर्फाच्या ठेक्यात यंत्र हंगामभर तयार ठेवल्याचे पैसे वेगळे आणि फिरेल त्या तासांचे वेगळे, अशी पद्धत असते. आपलं बिल मोजमाप वहीत नोंदलेल्या घनमीटरवर. म्हणजे ठेकेदाराला खड्डा मोठा होऊ देणंच परवडतं. बारीक भेग मेमध्येच डांबराने सील केली तर मोजायला उरतं काय? दर 'रस्त्याचा एक किलोमीटर चार महिने खड्डेमुक्त' असा ठेवा, खड्डा दिसला की कपात.

काळी_कसदार
आणि पाऊस दडी मारून बसला तर? खान्देशात कोरडी वर्षं काय कमी आहेत? 'काम न करता पैसे दिले' असा लेखापरीक्षणाचा आक्षेप येईल, आणि सही करणारा अभियंता उत्तरं देत बसेल. त्यापेक्षा तोच पैसा पाण्याच्या वाटेवर खर्च करा. अडीच टक्के उतार म्हणजे मधल्या रेषेपासून साडेतीन मीटरवर पावणेनऊ सेंमी उतरलं पाहिजे. आपल्याकडे थरावर थर चढवताना तो उतार जातो, कडेला पेव्हर ब्लॉकची भिंत आणि पाण्याला भोक कुठेच नाही. केळीचा भरलेला ट्रक साचलेल्या पाण्यातून गेला की चाक ते पाणी भेगेत दाबतं आणि मागून मातीचा लगदा वर येतो. रस्ता तिथून मरतो, गोण्या कितीही साठवा.

तापीकाठ
हे पटलं. मग अ वर्गाच्या यादीत प्रत्येक रस्त्यापुढे पाणी साचणाऱ्या जागाही लिहू. मेमध्ये टँकर सोडून पाहायचं, पाणी थांबेल तिथे खुणा.

एमबीवाला
मे महिन्यात, जळगावात, रस्त्यावर टँकर? लोक नळाच्या पाळीची वाट बघत असताना? खुणा करणाऱ्यालाच धुतील.

धुम्मस
मग मृगाचा पहिला पाऊस पडला की निघा, पाणी फुकट. आणि खडू नको, वाहून जाईल. ऑइलपेंट घ्या.