शब्दचर्चा: अब्रूनुकसानी, पाणउतारा, मनस्ताप

प्रश्न (जुळे सोलापूर): टेनिस बॉलच्या स्पर्धेत माझ्या भाच्याकडून झेल सुटला. माइकवरचा समालोचक पुढची दोन षटकं त्याच्या अंगावरच बोलत राहिला, "म्हैस आडवी झाली बघा बे!" सामना यूट्यूबवर लाइव्ह. पोरगं मैदानावर जायचंच बंद झालंय. दाजी नोटीस पाठवायची म्हणतात. आयोजक म्हणतात, चेष्टेत बोललाय की. नोटिशीत शब्द कुठला घालायचा, अब्रूनुकसानी की मनस्ताप?

उत्तर (सात रस्ता): दोन्ही वेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरा घालू नका. अब्रू फारसीतली: आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी, तेज. 'आब राखून बोल' मधला आब तोच, आणि आपल्या पाणउताऱ्यातलं पाणीही त्याच कल्पनेचं. हे पाणी असतं बघणाऱ्याच्या नजरेत. कायदाही तेच धरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेचं ४९९) विचारतं, इतरांच्या लेखी माणसाचं चारित्र्य, बुद्धी, पत खाली आली का? मनस्तापाला मात्र बघणारा लागत नाही. मन अधिक ताप, सगळं आतच.

२०१४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉल सामन्यात डुलकी लागलेला प्रेक्षक टीव्हीवर दिसला, समालोचक त्याच्यावर बोलत बसले. त्यानं बदनामी आणि मनस्ताप, दोन्हींसाठी १ कोटी डॉलर मागितले. पुढच्या वर्षी कोर्टानं दावा फेटाळला. समालोचकांचं बोलणं फार तर सैल, अतिशयोक्तीचं ठरतं, बदनामी नाही, असं कोर्टाचं मत पडलं.

म्हणून तुमच्या भाच्याच्या बाबतीत मला अब्रूनुकसानी लंगडी वाटते. 'म्हैस' ऐकून कुणी त्याला वाईट चालीचा समजत नाही. झाला तो पाणउतारा, आणि राहिला तो मनस्ताप.

आणि 'चेष्टा'! संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, धडपड. झेलासाठी पोरानं केली ती खरी चेष्टा. तिचीच माइकवरून चेष्टा करणं मला अजिबात सहन होत नाही.

उत्तर (अशोक चौक): ग्राहक तक्रारीत आम्ही 'मानसिक त्रासापोटी' लिहितो. मनस्तापापेक्षा तो शब्द कोर्टात रुळलेला आहे.

प्रश्नकर्ता: भाच्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "मामा, पैसे नकोत. तेवढा व्हिडिओ काढायला लावा."

उत्तर (सात रस्ता): मग पहिली मागणी तीच लिहा. खाली 'जाहीर पाणउतारा व मानसिक त्रास' असं घाला.