क्षारपड पट्ट्यात सेंद्रिय कर्ब जास्त आला. तो खरा मानावा का?

वारणाकाठ:
नमस्कार. आमची वारणेकाठची काळी, खोल जमीन वर्षानुवर्षे उसाखाली आहे. सखल पट्ट्यात उन्हाळ्यात पांढरे क्षार फुलतात आणि उसाची उगवण विरळ होते. या पट्ट्याच्या माती परीक्षणात सामू (पीएच) ८.३, विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) २.१ डेसीसायमन प्रति मीटर आणि सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातील कार्बन) ०.८४ टक्के आला. वरच्या चांगल्या पट्ट्यात कर्ब ०.६१ टक्केच आहे. क्षार वाढले की कर्ब घटतो, असे आजवर वाचत आलो. मग बिघडलेल्या पट्ट्यात तो जास्त कसा? आणि तो पुरेसा धरून शेणखत कमी केले तर चालेल का?

मृदाअभ्यासक:
जमिनीतला कर्ब ही आवक आणि जावक यांतील शिल्लक असते आणि क्षार या दोन्ही बाजूंवर घाव घालतात. द्रावणातील क्षारांमुळे मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते, पीक खुरटते, मुळे आणि पालापाचोळा कमी पडतो. ही आवक घटली. त्याच ताणाने सूक्ष्मजीवही मंदावतात, म्हणून आहे ते कुजणेही रेंगाळते. बहुतेक क्षारयुक्त जमिनींत आवक अधिक घटते आणि कर्ब कमी आढळतो. आपल्या पट्ट्यात मात्र पाणी साचत असणार. हवा नसल्याने कुजण्याचा वेग आणखी उतरतो आणि कर्ब साठून राहतो. कोकणातील खाडीकाठच्या कांदळवनाखालची माती खारी असूनही कर्बाने समृद्ध असते, त्याचे एक मोठे कारण हेच. असा अडकलेला कर्ब पिकाला नत्र फारसा देत नाही, त्यामुळे ०.८४ हा आकडा सुपीकतेची खूण मानू नये.

प्रयोगशाळेतून:
एक शंका मोजणीबद्दलही घ्यावी. कर्ब मोजण्याच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट सेंद्रिय पदार्थाबरोबर क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते आणि खाऱ्या मातीत कर्ब फुगून दिसतो. हे टाळण्यासाठी सल्फ्युरिक आम्लात क्लोराइडला बांधून ठेवणारे सिल्व्हर सल्फेट मिसळले होते का, हे विचारून घ्यावे.

कसबे-शिवार:
क्लोराइडचा मुद्दा बरोबर आहे, परंतु त्याचे प्रमाणही पाहावे. साधारण बारा भाग क्लोराइडमागे एक भाग कर्ब खोटा दिसतो. म्हणजे मातीत ०.२ टक्के क्लोराइड असले तरी फुगवटा ०.०२ टक्क्यांच्या आसपासच राहतो. दोन पट्ट्यांतील ०.२३ टक्क्यांचा फरक त्यातून निघत नाही, त्यामुळे माझा कौल पाणथळपणाकडे आहे.

विद्युत वाहकता कोणत्या अर्कात मोजली, हेही पाहा. क्षारयुक्त जमिनीसाठी ४ ची मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने जेमतेम भरलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, आहे. आपल्याकडे बहुधा १:२.५ द्रावणात (एक भाग माती, अडीच भाग पाणी) मोजतात, त्यात क्षार पातळ होतात. तसे असेल तर २.१ हा आकडा दिसतो त्यापेक्षा बराच गंभीर आहे.

विनिमययुक्त सोडियमची (मातीच्या कणांना धरून राहिलेल्या सोडियमची) तपासणी मात्र टाळू नका. तो १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण होते: मातीचे कण सुटे होतात, कणसमूहांत सुरक्षित राहिलेला कर्ब उघडा पडतो, आणि सामू फार चढला तर ह्यूमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ) विरघळून पृष्ठभागावर काळसर थर धरतो. सोडियम जास्त असताना नुसते पाणी देऊन क्षार धुतले, तर क्षार जातात आणि सोडियम मागे राहतो. म्हणून जिप्सम परीक्षणातील गरजेनुसार द्यावे. त्यातील कॅल्शियम चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ यांना जोडून ठेवते.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी चर किंवा सच्छिद्र पाइपने निचरा, मग जिप्सम, आणि त्याबरोबर धैंचा हे हिरवळीचे पीक फुलोऱ्यापूर्वी गाडणे. पाचट जाळू नये, शेणखत तर मुळीच कमी करू नये. निचरा सुरू झाला की मातीत हवा खेळते, साठलेला कर्ब झपाट्याने कुजू लागतो आणि पुढच्या एक-दोन अहवालांत ०.८४ चा आकडा खाली आलेला दिसू शकतो. त्या वेळी ऊस सुधारत असेल, तर केवळ त्या आकड्याला घाबरून निचरा बंद करू नये.