दोन वर्षांच्या मुलासाठी रोजची शुभंकरोति हवी की सणवार पुरेत?

चिंचवडची_आई

आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. सध्या घरात याच विषयावर बोलणं चाललंय, म्हणून इथे मांडते. नवऱ्याचं म्हणणं असं की गणपती, दिवाळी, संक्रांत हे आपल्या माणसांचे सण, ते हौसेनं करू. पण रोज संध्याकाळी मुलाला देवासमोर हात जोडायला लावणं म्हणजे त्याला कळायच्या आत श्रद्धा गळी उतरवणं.

माझं मत बरोबर उलट आहे. सण एक वेळ लहान करा, पण रोजचं सोडू नका.

यंदाच्या दीड दिवसाच्या गणपतीत त्याच्या वाट्याला काय आलं? दुपारची झोप मोडली. ओळख नसलेल्या माणसांनी एकापाठोपाठ कडेवर घेतलं. कानाशी झांजा, अंगात मानेला टोचणारा जरीचा कुडता. रडायला लागला तर "बाप्पासमोर रडायचं नसतं." मोदकाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या गणपतीपर्यंत हे सगळं तो विसरलेला असेल.

आणि रोजचं बघा. संध्याकाळी हातपाय धुतले की तो आपणहून देवघरापाशी येतो. वातींचा डबा उघडायचं काम त्याचं. दोन बोटांनी एक फुलवात उचलतो, निरांजनात ठेवतो, ती कलंडते, पुन्हा उभी करतो. काडी मी ओढते. "दिव्या दिव्या दीपत्कार" मधलं शेवटचं "कार" तेवढं त्याला येतं आणि ते तो नेमक्या जागी म्हणतो. मग आजी-आजोबांना नमस्कार, साखरेचे चार दाणे, संपलं. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण या पाच मिनिटांत तो कुणाच्या कडेवरचं बाळ नसतो, घरातल्या कामाचा वाटेकरी असतो.

तुमच्याकडे काय करता? आणि नवऱ्याच्या मुद्द्यात तुम्हाला तथ्य वाटतं का?

रोखठोक

ताई, तुम्ही जे सांगितलंत ते वाचायला छान आहे. पण त्यात देवाचा वाटा किती? मुलाला आवडतोय तो डबा, ती वात, ठरलेली वेळ आणि आईचं पूर्ण लक्ष. फुलवातीऐवजी कुंडीला पाणी घालायचं काम ठेवा, तितक्याच आवडीनं करेल. मग त्यात श्रद्धा कशाला मिसळायची?

दोन वर्षांचं मूल "मला हे पटत नाही" असं म्हणू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करार भारतानं 1992 मध्ये स्वीकारला. त्याच्या 14 व्या कलमात विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मुलालाही आहे असं लिहिलंय. तुमच्या यजमानांचा मुद्दा तोच आहे.

दुसरं, रोजचा नेम एकदा लागला की त्यामागून धाकही येतो. "नमस्कार कर, नाहीतर बाप्पा रागावेल." प्रेमळ घरांतही हे वाक्य मी ऐकलंय. तुमच्या गणपतीतलं "बाप्पासमोर रडायचं नसतं" हे त्याचंच धाकटं भावंड.

साताऱ्याची_आजी

आमच्या लहानपणी शुभंकरोति ही काही वेगळी पूजा नव्हती. दिवेलागणीला खेळ थांबवून घरी यायचं, हातपाय धुवायचे, दिव्याला नमस्कार करायचा आणि मग परवचा. पाढे, पावकी, निमकी, वार, महिने, नक्षत्रं. आईला त्या वेळी कळायचं की सगळी पोरं घरात आलीत. घर एका जागी गोळा व्हायची ती वेळ होती. देव त्या वेळेचा साक्षी असायचा.

सूनबाई, चाललंय ते चालू दे. फक्त एक सांगते. पाहुणे आले की "म्हणून दाखव, म्हणून दाखव" करू नको. आपल्या मनानं म्हणणारं पोर तिथेच गप्प होतं आणि मग महिनाभर तोंड उघडत नाही.

चिंचवडची_आई

आजी, अगदी खरं. व्हिडिओ कॉलवर म्हणायला लावणं बंद करते.

@रोखठोक, त्याच 14 व्या कलमात पुढे आई-वडिलांचाही उल्लेख आहे. मुलाची समज वाढेल त्या प्रमाणात त्याला दिशा देण्याचा त्यांचा अधिकार आणि कर्तव्य सरकारांनी मानावं, असं तिथे म्हटलंय. त्यामुळे ते कलम एकट्या तुमच्या बाजूचं नाही.

कुंडीला पाणी तो सकाळी घालतोच. पण मी श्रद्धाळू आहे. दिवा लावताना मी खरोखर कुणापुढे तरी हात जोडते. हे मुलापासून लपवून त्याला फक्त "उपक्रम" दाखवू का? त्याच्यासमोर मी मराठी बोलते तेव्हा त्याची परवानगी घेत नाही. मोठेपणी त्यानं दिवा लावला नाही तर माझी तक्रार नसेल. पण त्याची आई काय मानते हे त्याला आठवावं, एवढं मला हवंय.

धाकाचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. ते वाक्य आमच्या घरात पुन्हा बोललं जाणार नाही, कुणाकडूनही.

वसईकर

आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मराठीतच असते. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे, पूर्ण करायची म्हणजे दोन वर्षांच्या मुलीच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ती असते तेव्हा एकच दशक. दहा मणी, ती एकेक मणी पुढे सरकवते, मध्येच क्रूस तोंडात घालते, आम्ही काढून घेतो आणि पुढे जातो. बाकीची चार दशकं ती झोपल्यावर. माझ्या आईला आधी हे रुचलं नव्हतं, आता तीच "एक पुरे" म्हणते.

पण चिंचवडच्या ताई, रोजचं विरुद्ध सणाचं ही विभागणी मला पटत नाही. आमचा नाताळ 25 डिसेंबरला एकदम उगवत नाही. आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चार. गोठ्यासाठी आम्ही वाडग्यात गहू पेरतो आणि मुलगी रोज सकाळी उठल्यावर आधी कोंब बघायला धावते. गव्हाणी मात्र 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी. बाळ येशू तेव्हाच ठेवायचा, आणि तो तिनंच ठेवायचा. त्यामुळे सणाच्या दिवशी घरात कितीही गर्दी झाली तरी तो सण तिचा असतो.

तुमच्या मुलाला गणपती परका वाटला, कारण त्याच्यासाठी तो एका सकाळी अचानक आला. पुढच्या वर्षी मखराचा कागद चिकटवायला, दूर्वा निवडायला आठवडाभर आधी बसवून बघा.

निळी_पहाट

मी या चर्चेत जरा वेगळ्या बाजूनं येते. माझ्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. घरातले जुने देव त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला ठेवले. म्हणजे आमच्या घरात श्रद्धा आली ती एका मोठ्या माणसानं विचार करून घेतलेल्या निर्णयातून. तरीही माझी अडीच वर्षांची मुलगी आज रोज संध्याकाळी त्रिशरण म्हणते. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणताना "सरणं" वर आवाज चढवते. तेव्हा रोजच्या म्हणण्याला माझा विरोध नाही.

माझा प्रश्न आहे तो म्हणण्यासोबत मूल काय बघतं याचा. ताई, देवघराला हात कोण लावतं? महिन्यातले चार दिवस तुमच्या घरात काय होतं? मूल शब्दांपेक्षा हे आधी टिपतं. आज आई वातींच्या डब्याजवळ का नाही, बाबा का, आजीनं आईला बाजूला हो असं का सांगितलं. शेजारच्या घरात हे मी पाहिलंय. तिथली छोटी मुलगी "आईला शिवायचं नाही" हे वाक्य शुभंकरोतिच्या आधी शिकली. नेम जितका रोजचा, तितकी त्यातली उतरंडही रोजची. याचं उत्तर दिल्याशिवाय "रोजचं सोडू नका" हे मी मान्य करणार नाही.

रोखठोक

निळी_पहाट, +१. मी धाकाबद्दल बोललो, पण हे त्याहून खोल आहे. धाक ऐकू तरी येतो. हे न बोलता शिकवलं जातं.

चिंचवडची_आई

प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देते. आमच्याकडे लग्नानंतर पहिले काही महिने शिवाशिव पाळली गेली. मग सासूबाईंशी एकदा शांतपणे बोलले आणि ती बंद झाली. आता ते चार दिवसही दिवा मीच लावते आणि मुलगा शेजारी असतो. कामाला येणाऱ्या मावशी संध्याकाळी घरात असल्या तर निरांजन त्याही उजळतात. मुलगी असती तर तिनंही हेच पाहिलं असतं.

तुमचं म्हणणं मी असं घेते की घरातली उतरंड तशीच ठेवून मुलाला फक्त श्लोक शिकवला, तर तो श्लोक उतरंडीच्याच कामाला येतो. मान्य. ज्यांच्या घरी अजून शिवाशिव आहे त्यांनी आधी ती थांबवावी, शुभंकरोति नंतर.

ग्लासगोकर

इकडची अडचण सांगतो. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारला. दिवेलागण कुठली धरायची? आम्ही सूर्याचा नाद सोडला आणि दिवा संध्याकाळच्या आंघोळीला जोडला. आंघोळ, दिवा, जेवण, झोप. पोरगं घड्याळ बघत नाही, क्रम बघतं. "वदनी कवळ घेता" च्या दोन ओळी जेवणाआधी, बस.

आरतीचे व्हिडिओ लावू नका एवढं मात्र कळकळीनं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत एक वर्षाच्या मुलाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं आहे. पडदा लावला की मूल दिव्याकडे बघत नाही, आपल्याकडेही नाही.

आणि सणाबद्दल मी ताईंशी असहमत आहे. आमच्या मुलानं आई-बाबांशिवाय इतर कुणाच्या तोंडून मराठी ऐकण्याची जागा म्हणजे मराठी मंडळाचा गणपती. त्या सभागृहात "अरे सरक ना तिकडे" हे त्याच्या वयाचं पोरगं मराठीत म्हणतं, तेव्हा त्याला कळतं की ही फक्त आमच्या स्वयंपाकघरातली बोली नाही. त्यासाठी झोप मोडली तरी चालेल. चिंचवडला हे बाहेर फुकट मिळतं, म्हणून सणाची किंमत कमी वाटते.

शिशुवैद्य

श्रद्धेच्या वादात पडत नाही. पण धागा लहान मुलांचा आहे, म्हणून लिहायलाच हवं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला तीर्थाच्या पळीतूनही पंचामृत नको. त्यात मध असतो आणि त्या वयात मधातल्या जिवाणूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो. "थेंबभरच" म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात, त्यांना प्रेमानं थांबवा.

कापराच्या वड्या मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, झाकणाच्या डब्यात. त्या खडीसाखरेसारख्या दिसतात आणि आपणच त्याला त्याच जागी साखर देतो. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.

बोरन्हाणात बोरं, भुईमुगाचे दाणे, हरभरे, उसाचे करवे, हलव्याचे दाणे हे सगळं घशात अडकणारं. मुलं ते उधळण्यापुरतं वापरत नाहीत, वेचून तोंडात घालतात. चार-पाच वर्षांपर्यंत हा धोका असतो.

आणि निरांजनाजवळ कृत्रिम धाग्याचे घोळदार कपडे नकोत. सुती, अंगाबरोबर बसणारे घाला.

चिंचवडची_आई

डॉक्टर, मनापासून आभार. कापूर आज वर गेला.

हा सगळा धागा काल नवऱ्यासोबत बसून वाचला. त्याचं मत पूर्ण बदललेलं नाही, माझंही नाही. पण काही गोष्टी ठरल्या. मूल दिव्याशी आलं नाही तर हाक मारायची नाही, मी एकटीनं लावायचा. देव रागावतो, शिक्षा करतो हे घरात कुणीच म्हणायचं नाही. आणि मुलानं विचारलं तर बाबानं खरं सांगायचं की आई हात जोडते, मी जोडत नाही, दोन्ही चालतं. हे शेवटचं मला जड गेलं. पण माझी श्रद्धा लपवायची नाही असं मी म्हणते, तर त्याची अश्रद्धा लपवायला कशी सांगू?

संक्रांतीनंतर बोरन्हाण करायचं आहे. बोरं, दाणे, हलवा नसेल तर डोक्यावरून घालायचं काय? आजी, सुचवा.

साताऱ्याची_आजी

चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या घाल. बोरं ताटात ओवाळायला ठेव आणि लगेच उचलून घे. हलव्याचे दागिने फोटोपुरतेही नकोत, पोर तोडून खातंच. काळं झबलं मऊ सुती शिव. आणि सोसायटीभर बोलावू नको. त्याच्याबरोबर रोज खेळतात ती तीन-चार पोरं बोलव, दुपारची झोप झाल्यावर. रथसप्तमीपर्यंत कुठलाही दिवस चालतो, तेव्हा सर्दी-खोकला नसेल तो धर.

रोखठोक

यजमानांनी खरं सांगायचं हे ठरलं, ते मला या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बोरन्हाणाला माझा काहीच विरोध नाही, मुलांच्या अंगावर चुरमुरे उडवणारा सण कुणाला नको असेल. रोजच्या दिव्याबद्दल मत तेच आहे. मुलगा पाच-सहा वर्षांचा होऊन "देव कुठे असतो" असं विचारेल, तेव्हा तुम्ही दोघं काय उत्तर देता ते इथे येऊन नक्की लिहा.