मुलाचे वृषण खाली उतरलेले नाही, शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने करावी? (मदत हवी आहे)

रामबाग_इंदूर: मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी येथील एका बालशल्यचिकित्सकांनी जांघेतील छेद सुचवला आहे, तर दुसऱ्यांच्या मते अंडकोशावरील एकाच छेदातून काम होईल. घरच्यांना दुर्बीण बरी वाटते. सर्वांत चांगली पद्धत कोणती, हे कृपया लवकर सांगावे, कारण आम्हाला तारीख नक्की करायची आहे.

बडोद्याची_शुभा: मुलाचे वय किती, दोष एका बाजूला आहे की दोन्ही, आणि मुख्य म्हणजे तपासताना वृषण हाताला लागते का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय उत्तर कसे देणार?

लष्करचे_आजोबा: आमच्या नातवाचे ग्वाल्हेरला दुर्बिणीने झाले आणि तो दुसऱ्या दिवशी घरभर धावत होता. दुर्बीणच घ्यावी.

बडोद्याची_शुभा: आजोबा, आपल्या नातवाचे वृषण पोटात असणार. ते हाताला लागत नसेल, तर ते आहे की नाही आणि असल्यास कोठे आहे, हे पाहण्यासाठी दुर्बीण उपयोगी पडते. रक्तवाहिन्या आखूड असल्यास फाउलर-स्टीफन्स पद्धतीने त्या आधी बांधतात आणि साधारण सहा महिन्यांनी वृषण खाली आणतात.

रामबाग_इंदूर: वय चौदा महिने, फक्त उजवी बाजू. जांघेत हाताला लागते. हे सोनोग्राफीच्या अहवालात होते, म्हणून वेगळे लिहिले नाही.

सयाजीगंज_वाचक: शस्त्रक्रियेची घाई कशाला? आधी हार्मोनची इंजेक्शने देऊन पाहावीत.

बडोद्याची_शुभा: त्यांनी छेदाबद्दल विचारले आहे, इंजेक्शनांबद्दल नाही. शिवाय अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत वृषण उतरवण्यासाठी हार्मोन देऊ नयेत, असेच म्हटले आहे. सहा महिन्यांनंतर ते आपोआप उतरण्याची शक्यता कमी असते, आणि शस्त्रक्रिया शक्यतो अठरा महिन्यांच्या आत व्हावी, असा संकेत आहे.

रामबागकर, अंडकोशावरील एकच छेद बिआंकी आणि स्क्वायर यांनी १९८९ मध्ये मांडला. वृषण खाली ओढल्यावर अंडकोशाजवळ येत असेल, तर तो सोयीचा ठरतो. व्रण एकच राहतो आणि बहुधा वेळही कमी लागतो. वृषण बरेच वर असेल किंवा हर्नियाची पिशवी मोठी असेल, तर जांघेतून रक्तवाहिन्या मोकळ्या करणे आणि पिशवी उंचावर बांधणे सोपे जाते. दोन्ही डॉक्टरांना एवढेच विचारावे, की भूल दिल्यावर पुन्हा तपासून छेद ठरवणार का, आणि खालून जमले नाही तर त्याच वेळी जांघेतून करणार का. माझ्या मते दोन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्यांकडे जावे. वृषण पुन्हा वर सरकण्याचा किंवा आक्रसण्याचा धोका दोन्ही पद्धतींत थोडा असतोच, तेव्हा नंतरची तपासणी चुकवू नये.

रामबाग_इंदूर: आभार. जांघ सुचवणाऱ्यांनी हर्नियाचाही उल्लेख केला होता. तो वेगळा विषय वाटल्यामुळे येथे लिहिला नाही.

बडोद्याची_शुभा: मग त्यांनी जांघ का निवडली, हे कळलेच.

लष्करचे_आजोबा: तरीही दुर्बिणीची चौकशी करून ठेवावी.