शाळेतले सर गेले कुठे?

पिंपळपार
मुलगा पाचवीत गेला. ज्युनियर केजीपासून आजपर्यंत त्याच्या वर्गावर एकही सर आले नाहीत. शाळा पुण्यातली, खाजगी, इंग्रजी माध्यमाची. पुरुष म्हणाल तर पीटीचे सर, तबल्याचे सर, बसवाले काका आणि गेटवरचे मामा. टीचर सगळ्या छान शिकवतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. पण गोष्ट वाचून दाखवणारा, अपूर्णांक समजावणारा पुरुष या पोरांना दिसतच नाही, दिसतो तो शिट्टी फुंकणारा. सुवाच्य अक्षर काढणं हे 'मुलींचं काम' असं आमचा चिरंजीव म्हणतो, ते काही आपोआप आलेलं नाही.
यूडायसच्या, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, २०२३-२४ च्या आकडेवारीत देशातल्या शिक्षकांत स्त्रिया ५३ टक्क्यांच्या वर होत्या, २०२४-२५ मध्ये ५४ च्या वर. माझं मत स्पष्ट आहे: शहरी शाळांनी प्राथमिकला ठरवून पुरुष नेमावेत, लागल्यास जागा राखून. मारा आता दगड.

मास्तरीण
दगड नको, प्रश्न घ्या. गावोगाव नुसते गुरुजीच होते, तेव्हा पोरींना बाई दिसत नाहीत म्हणून कुणाचा जीव कासावीस झाला होता? आता एका क्षेत्रात आम्ही निम्म्याच्या जरा पुढे गेलो तर लगेच 'सर कुठे गेले'!

पिंपळपार
झाला होता ना. १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यातून आलेली खडू-फळा मोहीम आठवा. प्रत्येक शाळेत किमान दोन शिक्षक आणि त्यात एक बाई, असं त्यात होतं. मुलींसाठी ते योग्यच होतं. मग तोच न्याय आज मुलग्यांना का नको?

मास्तरीण
कारण गरज सारखी नाही. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ या अर्थतज्ज्ञांनी आंध्रातल्या ग्रामीण सरकारी शाळांचा अभ्यास केला होता. बाई शिकवायला असल्या की मुलींची प्रगती जास्त होते आणि मुलग्यांचं त्यात काही बिघडत नाही, असं निघालं. तुमच्या चिरंजीवांचं अक्षर घरी बाबांनी सोबत बसून गिरवून घेतलं तरी चालेल.

अवघड_क्षेत्र
पुण्यावरून महाराष्ट्र मोजू नका, राव. मी नंदुरबारकडं जिल्हा परिषदेत आहे. आमची शाळा सातवीपर्यंत आणि बाई एकही नाही. मुलीला पाळी आली की आम्ही अंगणवाडीच्या ताईंना हाक मारतो. त्या रजेवर असल्या तर पोर पोट धरून घरी जाते आणि आठवडाभर फिरकत नाही. राखीव जागा कुणासाठी मागायच्या ते आधी ठरवा.

खडूशार
तिघंही पगाराचं नाव घेईनात! शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला २०२३ पर्यंत महिना ६,००० मानधन होतं, मग ते १६,००० झालं. तीन वर्षं असंच काढायची. बरं, ते सरकारी तरी आहे, पुढं वेतनश्रेणी मिळते. खाजगी शाळेत बी.एड. झालेल्या माझ्या मित्राला जेवढा देऊ केला, तेवढ्यात शहरात खोलीभाडं आणि मेस भागत नाही. त्याचं स्थळ बघायला आलेले लोक 'विनाअनुदानित' ऐकून चहा अर्धा टाकून उठले. आता तो बँकेच्या परीक्षा देतोय.
संस्थाचालकाचा हिशेब साधा आहे. बाईंच्या घरी नवऱ्याचा पगार आहे असं गृहीत धरायचं आणि तिला कमीत राबवायचं. पुरुष तेवढ्यात टिकत नाही म्हणून दिसत नाही, एवढंच. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे, नियमात वेतनश्रेण्याही आहेत, पण त्या कागदावर.

मास्तरीण
हे मात्र खरं. आणि ज्यांच्या घरी दुसरा पगार नाही अशा आमच्यातल्या कितीतरी जणी तेवढ्यातच घर ओढतात, त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही.

माजी_सर
पैशाखेरीज आणखी एक कारण आहे. मी पहिली-दुसरीला शिकवायचो आणि मनापासून आवडायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचाराची घटना झाली आणि आमच्या पालकसभेत मागणी आली की लहान वर्गांवर पुरुष नकोत. तिथला आरोपी सफाई कर्मचारी होता, शिक्षक नव्हता, पण ऐकतंय कोण? मला आठवीवर पाठवलं. त्याआधीचे काही आठवडे तर पोरगं पडून रडायला लागलं की मी मावशींना बोलवायचो, स्वतः उचलून घ्यायची हिंमत होत नव्हती. पुढं शाळाच सोडली.

दोन_लेकींची_आई
सर, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. तरीही त्या सभेत मी असते तर हात वर केला असता. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. कोण चांगला, कोण वाईट हे मला कपाळावर वाचता येत नाही आणि शाळा सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं की टोलवाटोलवी करते. आधी शाळेने पडताळणी नीट करावी, मग मुलग्यांच्या आदर्शांचं बघू.

पिंपळपार
ताई, पडताळणी सगळ्यांची करा, बायकांचीही. पण सरसकट पुरुष नकोत म्हटलं की चांगलेच आधी जातात. माजी_सर गेलेच ना! खडूशार, पगाराचा मुद्दा मान्य, पण नुसत्या पगाराने पहिलीच्या वर्गावर सर येतील असं मला वाटत नाही. राखीव जागांचं मत माझं कायम आहे.

खडूशार
जागा राखाल हो, पण त्यावर बसणार कोण? पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा: आमच्या फीमधला किती हिस्सा टीचरच्या पगारात जातो?

पिंपळपार
विचारलं होतं. 'हा विषय आजच्या अजेंड्यावर नाही.'

मास्तरीण
आमच्या नेमणूकपत्रातच अट आहे, पगार कुणाला सांगायचा नाही. स्टाफरूममध्ये शेजारी बसणारीलासुद्धा!