धालोचं गाणं ट्रान्समध्ये घ्यायचंय, ताल कसा बसवू आणि विचारू कोणाला?

मांद्रेचा_पोरगा
नमस्कार मंडळी, मी पेडण्याचा, घरी लॅपटॉपवर एबलटन या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक करतो, बहुतेक सायट्रान्स, म्हणजे ट्रान्स या वेगवान इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा एक प्रकार. पौषात आमच्या मांडावर, म्हणजे वाड्यातल्या ठरलेल्या अंगणात, बायकांचे धालो (गाणी म्हणत करायचा नाच) झाले तेव्हाचं एक गाणं आजीने आणि शेजारच्या काकीने नंतर घरी बसून परत म्हटलं, ते मी फोनवर घेतलंय आणि त्या दोन आवाजांत जे काही आहे ना, ते डोक्यातून जातच नाही. हणजुण-वागातोरला नव्वदच्या दशकात जे म्युझिक उभं राहिलं त्याला अख्खं जग गोवा ट्रान्स म्हणतं, त्यात मंत्र आले, सतार आली, पण धालो-फुगडी मला तरी कधी ऐकू आली नाही. म्हणून मला हे मनापासून करायचंय.

आता अडचण. गाणं सहा मात्रांत झुलतं, मिनिटाला साधारण 200 मात्रा पडतात, आणि ट्रान्सची किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, सरळ चारची. ऑटो वॉर्प (सॉफ्टवेअरने आपोआप ताल जुळवणं) लावलं की शब्द तुटतात. आजीचा सा कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी आहे, ऑटोट्यून लावून बघितलं तर आजी आजी वाटतच नाही. आणि मुख्य म्हणजे हे गाणं वापरायला परवानगी कोणाची लागते? आई म्हणते आजीला विचारलंस म्हणजे झालं. मला तेवढं पुरेसं वाटत नाही.

म्हापसा_बीट्स
सहाला चारात कोंबू नकोस, सहाच्या खाली चार ठेव. सहा मात्रांच्या एका आवर्तनाला चार किक दे, म्हणजे पहिली आणि चौथी मात्रा बरोब्बर किकवर पडते आणि बाकीच्या मधल्या जागेत झुलत राहतात. हिशोब बघ, 200 मात्रांना 133 च्या आसपास बीपीएम (मिनिटाला किकचे ठोके) येतो, ट्रान्सला जरा कमी वाटला तर 138 वर ने, गाणं फक्त साडेतीन टक्के वेगात जाईल, तेवढं कानाला कळत नाही. बासलाईन नेहमीची सोळाची नको, तीन-तीनची कर, किक आणि तिच्यामागे बासचे दोन सूर. मग बासची दोन घरं म्हणजे गाण्याची एक मात्रा होते आणि सगळं आपोआप एकमेकांत बसतं.

वॉर्प हाताने कर. ऑटोवाल्याने टाकलेले मार्कर सगळे उडव, फक्त समेवर एकेक ठेव आणि मधल्या अक्षरांना हात लावू नकोस, दोघी जिथे किंचित मागे राहतात तिथेच तर गाण्याचा जीव आहे. ओळ पाच आवर्तनांत संपत असेल तर पाचच ठेव, सोळा बारचा चौकोन भरायचा म्हणून तिला ताणू किंवा कापू नकोस, ओळ संपली की तिथे फिल्टर उघड.

सुराचं तर उलट करायचं असतं. ऑटोट्यून काढ, तानपुऱ्याचं ॲप लावून आजीचा सा किती सेंट (दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते शोध आणि सगळे सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे सूर, तेवढे सरकव. सिंथला काय, ते कुठेही जातं. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर, अजिबात घालू नकोस, धालोला कॉर्ड नसतात आणि ट्रान्सचा बासही तासन्‌तास एकाच सुरावर बसून असतो, या दोघांचं जमण्यासारखं हेच आहे. फोनवरच्या आवाजाला खालचं 120 हर्ट्झपर्यंत काप, पंख्याची गुणगुण जाईल.

फोंड्याचा_घुमटकार
घुमट, आपलं मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य, घाला की त्यात. 2019 मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, तरी नवीन म्युझिकमध्ये कोणी घेत नाही. आता घोरपडीचं कातडं वापरायला कायद्याने बंदी आहे, बकऱ्याचं लावतात, तरी आवाज दणदणीत येतो. रेकॉर्ड करताना एक माईक कातड्याच्या बाजूला आणि दुसरा मागच्या लहान तोंडाशी लाव, कारण डावा हात त्या तोंडावर उघडझाप करतो तेव्हाच तो घुम्म करून सरकणारा खालचा सूर येतो. एका माईकवर नुसती टपटप ऐकू येते आणि मग लोक म्हणतात घुमटात दम नाही.

सत्तरीची_बाय
घुमटकार दादा, राग मानू नका पण धालोत वाद्य नसतं. घुमट आरतीला, सुंवारीला, शिगम्याला. मांडावर बायका समोरासमोर दोन रांगांत एकमेकींच्या कमरेला हात घालून वाकून पुढे-मागे होतात, एक रांग म्हणते ते दुसरी झेलते, आणि ताल जो काय असतो तो पायांचा. मी लहानपणापासून मांडावर जाते म्हणून सांगते, शेणाने सारवलेल्या अंगणात वीस-पंचवीस पावलं एकदम पडतात त्याचा एक मऊ धप्प आवाज येतो आणि वाकल्यावर सगळ्यांच्या बांगड्या एका क्षणी वाजतात. मांद्रेच्या पोरा, तुला बाहेरून ड्रमचे आवाज आणायची गरजच काय, तेच घे. पण मांड चालू असताना मधे माईक घेऊन जाऊ नकोस, दुसऱ्या दिवशी दुपारी चार जणींना विनंती कर, त्या अंगणात करून दाखवतील.

परवानगीचं सांगते. आई चुकीचं बोलत नाही पण गाणं एकट्या आजीचं नाही, मांडाचं आहे. तुमच्या मांडावर ज्या जाणत्या बाया आहेत त्यांच्याकडे आजीला पुढे घालून जा आणि गाणं कुठलं ते आधी नीट विचार. धरित्रीला, देवांना नमन करतात ते, किंवा शेवटच्या रात्री अंगात येतं तेव्हाचं असेल तर कृपा करून सोड. माझं मत पक्कं आहे, ते बीच पार्टीत दारूच्या टेबलाशेजारी वाजू नये. थट्टेची, सासर-माहेरची ढीगभर गाणी आहेत, त्यातलं घ्यायला बहुतेक कोणी नाही म्हणणार नाही. आणि तयार झालं की आधी त्यांना ऐकव, हेडफोनवर नको, नीट स्पीकर लावून.

म्हापसा_बीट्स
बायचं पटलं, पावलांचं तर फारच. त्या धप्पवर किक बसवली तर किकचा वरचा टोकदार आवाज काढून टाकता येईल. बांगड्या हाय-हॅटच्या जागी.

कायद्याचं थोडं. पारंपरिक गाण्यावर कोणाचा कॉपीराइट नाही, पण 1957 च्या कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवर 60 वर्षं हक्क असतो आणि गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क 50 वर्षं. म्हणजे यूट्यूबवरून किंवा रेडिओच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून तुकडा उचलायचा नाही, आणि आजी-काकीकडून साध्या मराठीत एका कागदावर लिहून घे, पैसे आले तर वाटा किती तेही त्यातच. अजून एक, ट्रॅक टाकताना कंटेंट आयडी (यूट्यूबवर तोच आवाज आपोआप ओळखून दावा लावणारी सोय) चालू करू नकोस. नाहीतर उद्या दुसऱ्या वाड्यावरच्या बायकांनी आपल्याच धालोचा व्हिडिओ टाकला तर त्यावर तुझा दावा लागू शकतो. असं झालेलं बघून मला खरंच चीड येते.

फोंड्याचा_घुमटकार
बाय, राग कसला, बरोबर आहे तुमचं. आवाज चालू असताना घुमट नको. पण आवाज थांबतो तिथे मधल्या भागात, नुसत्या बासबरोबर, चालेल का बघा. मी वाजवून पाठवतो, पैसे नकोत.

मांद्रेचा_पोरगा
सगळ्यांना देव बरें करूं. 138 वर तीन-तीनचा बास लावून बघितला आणि पहिल्यांदाच ते दोन आवाज वरून चिकटवल्यासारखे वाटले नाहीत. मांडावरच्या बायांकडे आजीबरोबर जाऊन आलो. गाणं सासरच्या थट्टेचं आहे, घे म्हणाल्या, पावलं आणि बांगड्याही देणार आहेत. घुमट त्यांना विचारूनच ठरवतो. एकच राहिलं, आजी म्हणते माझं एकटीचं नाव नको, मांडाचं घाल. अपलोडच्या फॉर्ममध्ये ते कुठे लिहू?

म्हापसा_बीट्स
मुख्य कलाकारात तुझ्या नावाच्या बरोबरीने मांडाचं नाव घाल, 'सोबत' म्हणून खाली नको. गीत-संगीताच्या रकान्यात पारंपरिक, तिथे तुझं नाव अजिबात नको, तुझं नाव निर्माता म्हणून येतंच. वर्णनात गाव आणि पौषातले धालो एवढं लिही, आणि गाण्याचे शब्द पूर्ण टाक, काकीकडून तपासून.