चिक चॉकलेटच्या नावाने फाउंडेशन हवं की नको?

सुरंगी: चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गेला १९६७ साली. मुंबईत ताज हॉटेलात जॅझ वाजवायचा, ट्रम्पेटमुळे लोक त्याला अमेरिकेतल्या जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या सी. रामचंद्रांचा, म्हणजे चितळकरांचा, तो सहायक. ‘अलबेला’त (१९५१) पडद्यावरही दिसतो. ती गाणी आपण अजून गुणगुणतो, पण त्यातला ट्रम्पेट कोणाचा म्हणून विचारा, म्हापशातसुद्धा लोक एकमेकांकडे बघतील. त्याच्या नावाने गोव्यात संगीत फाउंडेशन व्हावं. तबकड्या, फोटो, हाताने लिहिलेली नोटेशन्स एका जागी यावीत, मुलांना शिष्यवृत्ती मिळावी. खुद्द आर्मस्ट्राँगने १९६९मध्ये, हयातीतच, फाउंडेशन काढलं होतं. न्यूयॉर्कमधलं त्याचं घर आज संग्रहालय आहे.

फोंडेकर: विरोध. चिकला नाही, फाउंडेशनला. पहिल्या वर्षी मंत्री, समई, शाल-श्रीफळ. दुसऱ्या वर्षी तेच, फक्त खुर्च्या रिकाम्या. तिसऱ्या वर्षी लेटरहेड उरतं. केसरबाई केरकरांच्या नावाने समारोह होतो, चांगला होतो, मीही जातो. पण त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो थोड्याशा तबकड्यांमुळे, आणि बाई तर रेकॉर्डिंगला फारशा राजीही नसत. जॅझचा सगळा जीव त्या त्या रात्रीच्या वाजवण्यात. रेकॉर्ड झालं नाही ते गेलं. फाउंडेशन काय परत आणणार?

नोटेशनवाला: फोंडेकरबाब, सोलो गेले, मान्य. पण ही माणसं लिहायचीसुद्धा! पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलेली पोरं मुंबईला गेली, म्हणून हिंदी सिनेमाला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहिणारे हात मिळाले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार, अरेंजर प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा लिहून देणार. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यातलीच मोठी नावं. रेकॉर्डिंग उरकलं की त्या कागदांची कोणाला गरज? एका जुन्या वादकाच्या घरी असा गठ्ठा पाहिलाय. दुसऱ्या ट्रम्पेटचा पार्ट, निळी शाई, मध्येच पेन्सिलीने ‘म्यूट’, कडेला कोणाचा तरी टेलिफोन नंबर. पानं एकमेकांना चिकटलेली, आणि शेवटचे दोन बार (तालाचे खंड) वाळवीने फस्त केलेले. आपल्या पावसाळ्यात माळ्यावरचा कागद किती टिकणार? स्कॅनर आणि कोरडी खोली, एवढ्याने सुरुवात होते.

पणजीकर: मग फाउंडेशन कशाला? पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची संस्था. तिथे द्या आणि मोकळे व्हा.

कोर्टाची_पायरी: द्या म्हणणं सोपं. गोव्यात मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते, मृत्युपत्राने फक्त उरलेली निम्मी देता येते. त्यातही लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर जोडीदाराचा अर्धा वाटा आधीच बाजूला. एखाद्या वादकाने ‘घर, ट्रम्पेट, कागद सगळं संस्थेला’ लिहून ठेवलं तरी मुलं हरकत घेऊ शकतात. तेव्हा आधी सगळ्या वारसांच्या सह्या, उद्घाटन नंतर. कॉपीराइट वेगळा: रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे चिकच्या स्वतःच्या रचना २०२७ संपेपर्यंत बांधलेल्या. सिनेमासाठी केलेलं काम बहुधा निर्मात्याकडेच गेलेलं. वहीचा मालक झालात म्हणून आतली चाल छापायचा हक्क मिळत नाही.

सुरंगी: पणजीकर, ग्रंथालय काही घरोघर फिरून ट्रंका उघडायला येणार नाही. मुलं कॅनडाला, घर बंद, किल्ली शेजारणीकडे. तिच्याशी गोड बोलून, वारसांना फोन करून, पानं सोडवून घ्यायला कोणीतरी लागतं, आणि त्याच्या पेट्रोलचे पैसे कुठल्या तरी खात्यातून यावे लागतात. ते खातं म्हणजे फाउंडेशन. कागद खुशाल पाटोला ठेवा.

फोंडेकर: हे पटतं. माझी अट मात्र लिहून घ्या: पहिली पाच वर्षं पुरस्कार नाही, महोत्सव नाही. आणि एकट्या चिकचं नाव नको. बाकीच्या घरची माणसं म्हणतील, आमच्या बापाचे कागद तुमच्या चिकला का द्यायचे?

नोटेशनवाला: महोत्सवाचं मान्य, नावाचं अजिबात नाही. ‘गोमंतकीय वाद्यवृंद वारसा संवर्धन प्रतिष्ठान’ असं सांगत दारात उभे राहिलात तर शेजारीण किल्ली देणार नाही. चिक चॉकलेटचं नाव काढा, निदान हसेल तरी.

फोंडेकर: हसेल. किल्लीचं बघू.